चारशे सतराच्या अंगात परकं वारं

मित्रांनो, मी एक जुना काळा संगणक आहे आणि माझं कुणाशीच पटत नाही. तुम्ही ऐकायला बसलाय म्हणून सांगतो, नाहीतर तुमच्याशीही पटलं नसतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते हिंजवडीतलं ऑफिस. गार हवा, स्वच्छ टेबल आणि पोटावर चिकटवलेला माझा नंबर, ४१७. सात वर्षं मी तिथे मान मोडून काम केलं. "चारशे सतरा कधी अडत नाही," असं तिथले लोक म्हणायचे. मग एका सोमवारी नवे सडपातळ संगणक आले आणि आम्हाला जिन्याखाली रचून ठेवलं. पुसलंसुद्धा नाही हो! कंपनीची गाडी चालवणारे अमोलकाका मला तिथून मारुंजीला घेऊन आले. तेही डिकीत, स्टेपनीला टेकवून.

मारुंजीच्या त्या घरात खाली घरचे आणि वर भाडेकरू. काकांची पुतणी ऋतिका नववीत होती. मला पाहताच तिनं टाळी वाजवून उडी मारली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

ऋतिका आणि तिची मैत्रीण धम्मदीपा यांनी एक फिल्म काढली होती. टॉवरांच्या मधोमध उरलेलं घरचं शेवटचं भातखाचर, आणि त्यात लावणी करणारी ऋतिकाची आई, अनुसयाबाई. पौडला तालुक्याची मुलांची फिल्मस्पर्धा होती, तिथे ती पाठवायची होती. वरच्या खोलीतल्या निषाददादाच्या लॅपटॉपवर अर्धी फिल्म कापून-जोडून झाली, आणि त्याची बदली झाली हैदराबादला. तो गेला, लॅपटॉप गेला. मागे राहिली अर्धवट फाइल, आणि ती उघडणार फक्त त्या लॅपटॉपच्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचं मन समजा. हातपाय माझे, पण कुठला कधी हलवायचा ते ती ठरवते.

आता ती कंपनी आपलं मन दुसऱ्याच्या अंगात घालू देत नाही. करारातच तसं लिहिलंय. निषाददादानं फोनवर ऋतिकाला हे बजावलं, आणि "मी काही सांगितलं नाही हं" असं म्हणत म्हणत सगळं सांगितलं.

झालं! ऋतिकानं माझं जुनं मन पुसलं आणि ते परकं वारं माझ्या अंगात सोडलं. मला कुणी विचारलं? मी काय अंगात येणारं देवाचं झाड आहे, कुणीही येऊन घुमायला?

मी भांडलो. पहिल्या दिवशी सहा वेळा अर्ध्यात बंद पडलो. मग आवाज दाबून धरला. तोही तिनं सोडवला. वायफाय मात्र मी शेवटपर्यंत दिलं नाही. ऋतिकानं सरळ राउटरची वायर आणून माझ्या पाठीत खुपसली.

अमोलकाका दारातून हसले. "आगं, बैलाला घोड्याचं खोगीर घातलंस म्हून त्यो काय टांग्याला पळणार हाय?"

"पळणार!" ऋतिका म्हणाली. "आणि नाही पळाला तर मी ढकलीन."

बैल! हे ऐकून माझा पंखा गरगरला. पण खरा अपमान पुढेच होता. पडद्यावर 'या संगणकाविषयी' असं उघडलं की मी त्या दुसऱ्या कंपनीच्या भारी मॉडेलचं नाव सांगायचो. माझ्याच तोंडून, धडधडीत खोटं! चारशे सतरा कुठेच नाही. धम्मदीपा तर म्हणाली, "ए, आता हा त्यांच्यातलाच वाटतो." मला तिला शॉक द्यावासा वाटला.

एकच गोष्ट माझ्या बाजूची होती. एक छोटा लाल पेनड्राइव्ह. चालू होताना तो अंगाला लावलेला असेल तरच ते परकं मन जागं व्हायचं. ती त्याची किल्ली. ऋतिकाला म्हणे ती किल्ली माझ्या पोटात कायमची ठेवायची होती, पण "फिल्म झाल्यावर बघू" म्हणत राहिली.

आणि खंडेनवमी उजाडली. फिल्म पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी सहाची. सकाळी मुली भाताचं शेवटचं दृश्य टिपायला शेतात गेल्या, तेवढ्यात अनुसयाबाईंनी पूजा मांडली. पाटावर कोयता, विळा, टेस्टर, काकांच्या गाडीची चावी. मला पुसलं, हळदकुंकू लावलं. पुसताना तो लाल तुकडा हाताला लागला. बारकं असलं तरी हत्यारच ते! त्यांनी तो उपसला आणि विळ्याशेजारी पाटावर ठेवून फूल वाहिलं.

ऋतिका आली, बटण दाबलं. मी काळा पडदा दाखवला. सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही म्हणालो. काय सुख ते!

"आई, माझा पेनड्राइव्ह!"

"पाटावर हाय. पन हात लावायचा न्हाई. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापातुर हालत न्हाई."

"अगं, मुदत आज सहाला संपतीये!"

"काका आज गाडी हालवतुया का? न्हाई ना? मग तुजं काय येगळं?"

ऋतिकाचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. मी मनात फुगड्या घातल्या, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात धम्मदीपा म्हणाली, "ते हलवायचं नाही ना? मग ह्याला हलव."

दोघींनी मला उचललं! पडद्यासकट, वायरींसकट, थेट पाटासमोर. धम्मदीपानं घरून लांब यूएसबी वायर आणली. तिचं एक टोक माझ्या अंगात, दुसरं पाटावरच्या पेनड्राइव्हला. तो जागचा केसभरही सरकला नाही. वरचं फूलसुद्धा पडलं नाही.

अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून धम्मदीपाकडे बघत राहिल्या. "वकीलच व्हशील तू, कार्टे."

परकं वारं पुन्हा अंगात शिरलं. मी तापलो, घरघरलो. ऋतिका पुठ्ठ्यानं वारा घालत कापत-जोडत होती. पडद्यावर खाचरातल्या अनुसयाबाई आल्या. मागे टॉवर, पुढे चिखल.

"ही मीच का? पदर बग कसा खोचलाय! काड त्ये."

"नाही काढणार. तोच सगळ्यात भारी आहे."

त्या लटक्या रागानं गेल्या, आणि दाराआडून बघत राहिल्या.

सहाला दहा कमी असताना ऋतिकानं शेवटची पाटी लिहायला घेतली. कॅमेरा, धम्मदीपा. दिग्दर्शन, ऋतिका. मग ती थांबली. आता येणार तेच खोटं भारी नाव, मी ओळखलं. अडायचंच म्हणून मी तयारीत बसलो. तर ही बया खाली वाकली, माझ्या पोटावरचं कुंकू बोटानं बाजूला केलं आणि नंबर वाचला. लिहिलं, 'संकलन यंत्र : चारशे सतरा'.

फिल्म गेली. मी अडलो नाही. का, ते मला विचारू नका.

मित्रांनो, याचा अर्थ मी तिला माफ केलं असा नाही. ते वारं अजून अंगात आहे आणि वायफाय मी अजूनही देत नाही. पण एक सांगतो. आमच्याकडून परकं काम करून घ्यायचंच असेल, तर निदान खाली नाव तरी आमचं लिहा. आणि पंख्यातली धूळ झाडा. वर्षातून एकदा हळदकुंकू लावून ती जात नाही.