काकांची कंबर

अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रीसमोर जगातली कुठलीही ताकद टिकत नाही. शूटिंगच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने हे वाक्य माइकवरून म्हटलं, तेव्हा बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. सगळ्यात जास्त काकांचे, म्हणजे सिनेमातल्या सगळ्यात ज्येष्ठ नटाचे. टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. टाळ्या संपल्यावर मोकळा झालेला उजवा हात त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या टाचणीच्या पाठीवर ठेवला आणि काढायला विसरले.

टाचणी म्हणजे कपडेपटातली मुलगी. दातांत टाचण्या धरून काम करायची म्हणून हे नाव पडलं होतं, आणि अंगाने तशीच होती म्हणून ते टिकलं. कपडेपट तिची सख्खी मावशी चालवायची. मावशीचं म्हणणं होतं, की हा सिनेमा नीट पार पडला तर पुढच्या सिनेमाला टाचणी कटर होईल. कटर म्हणजे कपडेपटातला राजा. कात्री त्याची, कापड त्याचं, आणि लोकांच्या कमरेला टेप गुंडाळायला दुसरं कोणीतरी. टाचणीला राजा व्हायचं होतं. तोवर टेप तिच्या गळ्यात होता.

सिनेमा फार धाडसी होता. एक तरुण मुलगी बायकांच्या वाटेला जाणाऱ्या पुरुषांना गोड बोलून सामसूम बंगल्यात बोलावते आणि एकेकाची अशी खोड मोडते, की तो पुन्हा कोणाच्या वाटेला जाण्याच्या अवस्थेत राहत नाही. तिच्या मागावर एक वयस्कर, सज्जन इन्स्पेक्टर. शेवटी तो तिला गाठतो, तिच्या हातून पडलेलं पिस्तूल वाकून उचलतो, तिच्या हातात परत देतो आणि म्हणतो, "बेटा, तू एकटी नाहीस." हा इन्स्पेक्टर म्हणजे काका. पडद्यावर त्यांचं अर्धं आयुष्य बाप आणि न्यायाधीश होण्यात गेलं होतं. कपडेपटाच्या दृष्टीने मात्र हा सिनेमा म्हणजे नायिकेचे ढीगभर पांढरे शर्ट आणि त्यांवरचं रक्त. रक्त साखरेच्या पाकाचं होतं, त्यामुळे हँगरला सतत मुंग्या.

काकांचे हात हे काकांपेक्षा वेगळे, स्वतंत्र बुद्धीचे गृहस्थ होते. काका तोंडाने 'बेटा, बेटा' करत असायचे आणि हात आपापल्या कामाला निघालेले असायचे. ट्रायल रूम म्हणजे प्लायवूडचं उभं कपाट. दाराला कडी नाही. काकांना रोज सकाळी पँट नव्याने बघून हवी असायची, आणि निरोपही ठरलेला: "पोरीलाच पाठवा. तिचा हात हलका आहे."

"मावशी, मी नाही जाणार आज," टाचणी म्हणाली.

"मग मी जाते."

मावशी गेली आणि लगेच परत आली. "म्हणाले, ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, पँट बरी आहे."

"मग आता?"

"आता काय? उद्या पुन्हा बिघडेल ती." मावशीने इस्त्री जरा जोरातच आपटली. "तुझ्या आधीची मुलगी मॅनेजरकडे तक्रार घेऊन गेली होती. आता घरी बसून पडदे शिवते."

टाचणी मॅनेजरला टाळून सरळ दिग्दर्शकाकडे गेली. बायकांवरचा सिनेमा काढणारा माणूस, त्याला कळेल, असं तिला वाटलं. त्याला कळलंही. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे फार अस्सल आहे," तो म्हणाला. "अजून कोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"सांगू नकोस. आणि त्या हाताचं पुन्हा एकदा सांग. हळू सांग, लिहून घेतो."

दोन दिवसांनी नवा सीन आला. शिलाईकाम करणारी एक गरीब मुलगी इन्स्पेक्टरला रडत रडत आपली कहाणी सांगते, आणि इन्स्पेक्टर तिच्या डोक्यावर हात ठेवतो. काकांचा हात योग्य जागी पडल्याची ही पहिलीच वेळ. सीन असा रंगला, की लाइटवालेसुद्धा नाक ओढत होते. त्या मुलीचा ड्रेस टाचणीनेच शिवला होता. गळा तेवढा जरा घट्ट झाला.

त्या संध्याकाळी ती काकांची पँट मांडीवर घेऊन बसली. काकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक आवाज आणि दुसरी कंबर. "पहिल्या सिनेमापासून कंबर तीच!" हे ते नव्या माणसाला नावाच्याही आधी सांगायचे. टाचणीने मागची शिवण उसवली, कापड कणभर आत घेतलं आणि पुन्हा शिवलं. इस्त्री फिरवली. पँट अशी दिसत होती, जणू काही झालंच नाही.

सकाळी ट्रायल रूममधून काकांचा आवाज आला. जरा बारीक होता.

"बेटा, ही धुतल्यावर आटली का गं?"

"नाही काका. या कापडाला काय होतंय!"

"बटण लागत नाहीये."

टाचणी आत गेली. काकांनी पोट आत ओढून धरलं होतं आणि दोन्ही हातांनी पट्टा ओढून धरला होता. पोट आत ओढून धरलेल्या माणसाला दुसरं काहीही करता येत नाही, हा शोध तिला तिथे लागला.

"होतं असं," ती हळहळून म्हणाली. "वयाप्रमाणे."

काकांनी दुपारचं जेवण सोडलं. टाचणीने संध्याकाळी पँट आणखी कणभर आत घेतली. शुगर वाढल्यावर डॉक्टरांनी सांगूनही न ऐकलेले काका आता उकडलेल्या भाज्यांवर आले. पँट आणखी आत गेली. काका सेटभोवती फेऱ्या मारू लागले. मॅनेजरने विचारलं तर म्हणाले, भूमिकेची तयारी आहे. रोज सकाळी कपडेपटाकडे यायचा तो निरोपही बदलला: "मावशींनाच पाठवा. पोरीला कशाला उगाच!"

पण पोरीचा उत्साह आता वाढला होता. काका चहाला थांबले की ही टेप घेऊन हजर.

"काका, माप!"

"आत्ता नको, बेटा."

"दोन मिनिटं लागतील. कंबरच तर बघायचीय."

"हळू बोल गं!"

काका व्हॅनमध्ये शिरले तर ही दाराशी. काका झाडामागे सिगारेट ओढायला गेले तर झाडाच्या दुसऱ्या बाजूने टेप यायचा. गर्दीत मुलींच्या मागे फिरणारे काका आता गर्दी बघून, तिच्यात टाचणी नाही ना याची खात्री करून मग पाऊल टाकायचे. मावशी इस्त्री थांबवून बघत बसायची.

"तू काय करतेयस ते मला कळत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली.

"मी काय करतेय?"

"मला काय माहीत? मला काही कळत नाही." आणि मावशीने तिला नवं रीळ दिलं.

शेवटच्या सीनच्या आदल्या संध्याकाळी टाचणीने मागची शिवण पूर्ण उसवून कच्चा धावदोरा घातला.

सेट म्हणजे बंगल्याचा दिवाणखाना. नायिका रक्ताने माखलेली, म्हणजे चिकट. पिस्तूल फरशीवर. इन्स्पेक्टर पुढे आला, वाकला, "बेटा, तू एक" इथपर्यंत पोचला, आणि मागून फार्र्रकन आवाज आला. कॉलरला लावलेल्या माइकने तो इमानेइतबारे पकडला.

"ड्रेसवाली! कुठे मेली ड्रेसवाली!" काका ओरडले.

टाचणी सुईदोरा ओवूनच उभी होती. "पँट काढायला वेळ नाही, उजेड जाईल," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "अंगावरच शिवते. काका, हात वर."

"हात कशाला?"

"सुई आहे, काका. हात मध्ये आला तर लागेल."

काकांनी हात वर केले. टाचणी मागे गुडघ्यावर बसली. तिने सावकाश पहिला टाका घातला. मग दुसरा.

"हात दुखतायत गं," काका कुजबुजले.

"ट्रायल रूममध्ये माझ्या अंगावरून फिरताना कधी दुखले नाहीत," टाचणी अगदी साध्या आवाजात म्हणाली. "आता थोडा वेळ वर राहू देत."

कॉलरचा माइक चालूच होता. वाक्य मॉनिटरजवळच्या स्पीकरमधून बाहेर पडलं आणि दिवाणखान्यातल्या प्रत्येकापर्यंत पोचलं. काकांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात नायिकेने फरशीवरचं पिस्तूल उचललं आणि त्यांच्यावर रोखलं.

"वरच ठेवा, काका. तिचं काम चाललंय."

आधी एक लाइटवाला हसला. मग सगळेच. मावशी कोपऱ्यात उभी राहून टाके मोजत होती, आणि तिच्या मते त्यांतले निम्मे तरी अनावश्यक होते. 'कट' म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलंच नाही.

काकांना तक्रार करता येईना. करायची तर कमरेपासून सुरुवात करावी लागली असती. नायिकेने मॅनेजरला सांगितलं, की ट्रायल रूमला कडी लागेपर्यंत ती मेकअपला बसणार नाही. कडी तासाभरात लागली. आणि आपल्या पुढच्या सिनेमाचे कपडे टाचणी कापेल, हेही तिने तिथेच जाहीर केलं.

हात वर केलेला इन्स्पेक्टर, त्याच्यावर पिस्तूल रोखलेली रक्तबंबाळ मुलगी, हा शॉट दिग्दर्शकाने तसाच ठेवला. संवाद तेवढा काढला. समीक्षकांनी लिहिलं, की असा धारदार शेवट बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

टाचणी आता कटर आहे. तिच्या टेबलावर कात्री आहे, टेप दुसऱ्या मुलीच्या गळ्यात आहे, आणि ट्रायल रूमची कडी ती रोज सकाळी स्वतः ओढून बघते. दुपारी मावशी आणि ती डबा उघडून बसतात आणि कोण कसं चालतं यावर बोलतात. नायिकेच्या या नव्या सिनेमात काकांना बापाची भूमिका आहे. त्यांनी निरोप पाठवलाय, की कपडे घरूनच आणतील.

काकांची शुगर आता अगदी नॉर्मल आहे.