वनराजांची लोकर

वाचक त्यांना वनराज म्हणत आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. सात कादंबऱ्या, सातही जंगलातल्या. कुठे मधमाश्यांचं पोळं, कुठे पुरात उन्मळलेलं झाड, आणि दर दोन पानांनी 'मी पाहिलं' हे शब्द. आता खरं सांगायचं तर वनराजांनी पाहिली होती ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, आणि तीही बंद. उघडली की त्यांना शिंका यायच्या. अळी दिसली की ते खुर्चीवर चढत.

जंगल घरी यायचं ते बायकोबरोबर. ती रोपवाटिकेत कामाला होती. संध्याकाळी नखांतली माती काढता काढता ती दिवसभराचं सांगायची आणि हे पलीकडे बसून भराभर टिपून घ्यायचे. अशी वीस वर्षं गेली. पुस्तकांच्या जोरावर कॉलेजात निसर्गलेखनाचा वर्ग मिळाला. तो त्यांनी अकरा वर्षं पंख्याखाली, दार लावून, सुखाने शिकवला.

आणि एक दिवस प्राचार्यांनी बॉम्ब टाकला. "बुधवारी समिती येतेय. वर्ग बाहेर घ्या, झाडांखाली. आवडला तर तुमची नेमणूक कायम. नाहीतर वर्गच बंद."

वनराजांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन ते मटकन बसले. "अगं, मला एक झाड धड ओळखता येत नाही!"

बायको हसली नाही, हे विशेष. तिने विणकामाच्या पिशवीतून लोकर काढली आणि रविवारी कॉलेजच्या आवारात जाऊन फांद्यांना तुकडे बांधले. चिंचेला लाल, नीलगिरीला पिवळा, लिंबोणीला निळा. वनराज मात्र फाटकापाशीच थांबले, कारण गवतात अळ्या असतात. मग तीन दिवस त्यांनी पाढ्यासारखं घोकलं: लाल चिंच, पिवळी नीलगिरी, निळी लिंबोणी.

बुधवारी समितीतल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई सगळ्यांत पुढे, मागे मुलं, असा लवाजमा निघाला. वनराजांनी पहिलाच तुकडा हेरला. पिवळा! त्यांच्या जिवात जीव आला.

"ही नीलगिरी!" ते गरजले. "हिच्या उंचीपुढे माणूस किती खुजा! मान वर करून तासन्तास पाहिलंय मी हिला."

झाड त्यांच्या खांद्यापर्यंत आलं होतं.

पहिल्या रांगेतली एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, हिला लिंबं लागलीयत."

वनराजांनी लोकर सोडून पहिल्यांदाच झाडाकडे पाहिलं. खरंच की! हात लावायला गेले तर काटा बोटात रुतला. शेजारच्या झाडाला लाल लोकर, पुढच्याला निळी, मग पुन्हा पिवळी, लाल, निळी. आवारातलं एकही झाड सुटलं नव्हतं.

माळीकाका शाबासकीच्या आशेने पुढे आले. "सर, तीनच झाडांना लोकर दिसली. समिती येणार, म्हटलं बाकीच्यांनी काय पाप केलंय? ती सोडली, घरून आणखी आणली आणि सगळ्यांना ओळीने बांधली. छान दिसतंय ना?"

"छान," वनराज म्हणाले.

थाप मारायला अजून जागा होती. 'मी मुद्दामच चुकलो, तुमचं लक्ष आहे का ते पाहत होतो,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. टाळ्याही पडल्या असत्या. पण बोट ठणकत होतं, आणि ती मुलगी इतक्या विश्वासाने बघत होती, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मला झाडं ओळखता येत नाहीत," ते म्हणाले. "पुस्तकांतलं सगळं माझ्या बायकोने पाहिलंय. मी नुसतं लिहिलं."

बाईंनी सावकाश चष्मा पुसला. "त्या शिकवायला येणार असतील तर वर्ग चालू राहील. बाहेर त्या. तुम्ही लिहायला शिकवा, आत." नेमणूक अर्थातच कायम झाली नाही.

घरी त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. बायको नखांतली माती काढत ऐकत होती.

"सातही पुस्तकं वाचलीत मी," ती म्हणाली. "दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी कुठेतरी माझं नाव असेल."

वनराज उठले, कोरा कागद ओढला आणि आठव्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहून तिच्यापुढे धरलं: 'माझ्या बायकोने मला लिंबोणी दाखवली.'

तिने वाचलं, डोळे पुसले, आणि पेन्सिल घेऊन त्यावर सरळ काट मारली.

"अगं, आता काय चुकलं?"

"मी कुठे दाखवली? काटा तुम्हाला रुतलाय." तिने त्यांचं सुजलेलं बोट हातात घेतलं. "इथे 'मी पाहिलं' असं लिहा. एकदा तरी खरं होऊ दे."