आखाजीची तारीख

सकाळी ऑफिसात आल्या आल्या वर्षा आधी कीबोर्डवरचं कापड बघायची. आदल्या संध्याकाळी निघताना त्याच्या घडीत ती ओढणीचा एक लाल धागा ठेवून जाई. आजही धागा जागच्या जागी होता. म्हणजे कुंदन धागा बघतो, काय करायचं ते करतो आणि पुन्हा तस्साच ठेवतो, असं तिनं ठरवून टाकलं.

ते नव्व्याण्णव साल होतं. सुरतेत तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतली किरकिर. पण साड्यांचे व्यापारी भूपेंद्रभाई यांनी मनावर घेतलं होतं, की परदेशातल्या बायकांनी आपल्या साड्या घरबसल्या पाहाव्यात. दुकानाच्या माळ्यावर त्यांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि दोन माणसं ठेवली. उधन्याच्या लूम कामगाराची मुलगी वर्षा, आणि तिनंच शब्द टाकून आणलेला पांडेसऱ्याचा कुंदन. दोघंही मूळचे खानदेशातले. साइट उघडायची होती अक्षय्यतृतीयेला, अठरा एप्रिलला.

जुन्या फायली वर्षाच्या, नवी पानं कुंदनची. तो आपलं काम फ्लॉपीवर आणून तिच्या कॉम्प्युटरवर चढवी, मग सगळं एकत्र कंपाइल व्हायचं, म्हणजे साइटचं चालतं रूप तयार व्हायचं. आठवडाभर एकच रडगाणं चाललं होतं. कुंदनच्या फायली सुरळीत जात. वर्षा जुन्या फाइलमध्ये साडीचे रंग दाखवणारा भाग घाली, फाइल उघडली की तो समोर दिसे, आणि शेवटी एरर येई, असा भाग सापडतच नाही.

"तुझ्या पानांना बरं काही होत नाही," ती एकदा म्हणाली.

"माझी पानं गरीब आहेत, ताई. कुणाच्या वाटेला जात नाहीत."

तो हसत म्हणाला, म्हणूनच तिला ते टोचलं. ऑफिसची चावी त्याच्याकडं. सकाळी आधी येतो तोच. कुठंतरी जुनी प्रत लपवून हा कंपायलरला तिकडं वळवत असणार. याला माझी जागा हवी आहे.

शनिवारी शेठनी काम कुठं अडलं म्हणून विचारलं, तेव्हा तिनं नाव घेतलं. शेठनी फार चौकशी केली नाही. कुंदनकडून चावी मागून घेतली आणि सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. कुंदननं चावी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं न बघता जिना उतरला.

सोमवारी कुंदन नव्हता. धागा जागेवर होता. एररही जागेवर होती.

आता संशय घ्यायला माळ्यावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यात शेठ उदबत्ती लावायला वर आले आणि लक्ष्मीच्या तसबिरीखाली चिकटवलेला, कुंकू लावलेला कागद त्यांनी सरळ केला. वर्षाची नजर त्यावर गेली आणि तिथंच राहिली.

शेठचा हट्ट होता, की पहिलं कंपाइल अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर वर्षाच्याच हातून व्हावं. इकडं होळीपासून आईचं पालुपद होतं, "आखाजीले गावले जानं शे." आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्यतृतीयाच; तेव्हा माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात, ते सोडायचं कसं? तेव्हा वर्षानंच तोड काढली. कॉम्प्युटरचं घड्याळ दोन आठवडे पुढं, थेट अठरा तारखेच्या मुहूर्तावर नेलं, सगळं कंपाइल केलं, फायलींची यादी छापली आणि घड्याळ मागं घेतलं. कागदावर तारीख आली, शेठ खूश झाले, आणि ती विसरून गेली.

तसबिरीखालच्या त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं अठरा एप्रिल होतं. आज बारा.

ज्या फाइलमध्ये बदल झाला तीच पुन्हा कंपाइल करायची, बाकीच्यांचं आधीचं तयार रूप जोडायचं, ही सोय तिनंच वेळ वाचावा म्हणून केली होती. बदल झाला का, हे कॉम्प्युटर तारखेवरून ठरवी. मुहूर्ताच्या रूपावर अठरा तारीख, तिच्या बदलांवर त्याआधीची. त्याच्या हिशेबी तिचे बदलच जुने होते, म्हणून तो त्यांना हात लावत नव्हता. कुंदनची पानं मुहूर्तानंतरची, त्यांना ही बाधा नव्हती.

तिनं तयार रूपं सगळी पुसली आणि पहिल्यापासून कंपाइल केलं. चाळीस मिनिटं गेली. एकही एरर आली नाही. मग खाली जाऊन तिनं शेठना सगळं सांगितलं. त्यांनी कुंदनची चावी तिच्यापुढं सरकवली. "तुम्हीच नेऊन द्या, बेन."

पांडेसऱ्याला कुंदनच्या आईनं, शोभाबाईंनी, कौतुकानं पाणी आणलं. कुंदनला सुट्टी आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या आत गेल्यावर वर्षानं चावी पुढं केली आणि काय घडलं ते सांगितलं.

"मला वाटत होतं, तुम्हीच मुद्दाम बिघडवताय," कुंदन म्हणाला. "मी माझ्या फ्लॉप्याही रोज घरी आणत होतो." त्यानं चावीकडं पाहिलं, पण घेतली नाही. "आईला घेऊन आखाजीला गावी जातोय. आल्यावर बघू. तोवर तुम्हीच उघडा ऑफिस."

अठरा तारखेला वर्षाची आई एकटीच एसटीत बसली. शेठनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि ते मुहूर्ताची वाट बघत उभे राहिले. वर्षानं पडद्यावरची तारीख पाहिली. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तेवढ्यानंही तिचं समाधान होईना, तेव्हा ती जिना उतरून खाली गेली आणि गल्ल्यावरच्या वर्तमानपत्राची तारीख वाचून आली.

मगच तिनं बटण दाबलं.