पट्टे भिंतीकडे

दिवाकर वैरागडे यांची उभी नोकरी रायपूर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये गेली, आणि तिथं ते एकच गोष्ट मन लावून शिकले. सामान पाहून माणूस ओळखायचा. प्रवाशाची बॅग उघडायची नाही, हा तिथला नियम. हातात घेऊन वजन बघायचं, कुलूप बघायचं, मालकाच्या तोंडाकडे एकदा बघायचं, की झालं. निवृत्त झाले तरी त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. समता कॉलोनीत शेजारी कुणाकडे पाहुणा उतरला, की गॅलरीतून त्याची बॅग न्याहाळून तो किती दिवस ठाण मांडणार ते हे सांगून मोकळे. पद्मिनीबाई होत्या तोवर “तुम्हाले दुसरा धंदा नाही का?” म्हणत त्यांना आत ओढून न्यायच्या. त्या गेल्यापासून घरात दिवाकरराव आणि मुलगी गंधाली, दोघंच. आत ओढणारं कोणी उरलं नव्हतं.

गंधाली ड्रोननं व्हिडिओ काढायची. लग्नं, नव्या इमारती, कुणाची फार्महाऊसं. उद्या सकाळच्या बसनं ती जगदलपूरला निघणार होती. तिकडे एका धबधब्याजवळ कुणी रिसॉर्ट उघडत होतं, त्याचं शूटिंग. शेवटचा रस्ता पायी आहे, म्हणून पाठीवर मावेल तेवढंच न्यायचं, असं ती म्हणाली होती. दुपारी तिनं हॉलमध्ये चादर पसरली आणि निवडायला बसली. दिवाकरराव पेपर धरून समोर बसले. पेपर वाचत नव्हते, हे सांगायला नको.

“हे काहून काढून ठेवलं?”

“मोठा चार्जर आहे, बाबा. तीन बॅटऱ्या एकदम चार्ज करते, पण लय जड. छोटा पुरते.”

“अन् ही गोल चटई?”

“हिच्यावर ड्रोन उतरवतात, धूळ लागू नये म्हणून. तिथं खडक आहे, धूळ कुठून येईन?”

“मंग नेऊन काय राहिली तू?”

“ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या, जास्तीचे पंखे. या काळ्या काचा, नाही तर उन्हात पाणी पांढरंफक दिसते. अन् ही वायर.” तिनं वीतभर वायर उचलून दाखवली आणि बॅगेच्या बाजूच्या जाळीत खोचली. “हिच्यानं रिमोटले फोन जोडते. ही नसली तर वरतून काय दिसून राहिलं ते समजतच नाही.”

एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर दुसरा कुणी पेपर वाचायला लागला असता. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. दिवाकररावांचे कान तिच्यामागे गेले.

“हाँ निरंजन... नहीं, पापा को नहीं बताया. आके बताऊंगी.”

निरंजन कोण? आणि पापाला काय सांगितलं नाही? ती बाहेर आली ती थेट आईच्या कपाटाशी गेली. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी तिनं बॅगेत तळाशी सारलं आणि बापाकडे हळूच पाहिलं. बाप शोकेसच्या काचेत सगळं बघत होता.

संध्याकाळी ती बाजारात गेली, तशी दिवाकररावांनी बॅग जवळ ओढली. तोंड उघडंच होतं, म्हणजे बॅग आपण उघडली नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. रुमाल चाचपला, मग सोडला. पद्मिनीचा कुंकवाचा करंडा. चांदीचा, झाकणावर मोर असलेला. बॅटरीचा चार्जर जड होतो म्हणणारी पोट्टी करंडा घेऊन चालली होती! आईचा करंडा घेऊन पोरगी कुठं जाते, हे कळायला क्लोकरूमची नोकरी लागत नाही. त्यांनी तो कानाशी हलवला. आत बारीक बारीक काहीतरी खुळखुळलं. काळे मणी असणार. झाकण उघडलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण दुसऱ्याचं सामान उघडायचं नाही, ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की बोटं झाकणापर्यंत गेली आणि परत आली.

त्यांनी करंडा होता तसा ठेवला. मग जाळीतली वायर काढून खिशात घातली. हिशेब सोपा होता. कामाला जात असेल तर वायरीसाठी ओरडत फोन करेल. नसेल जात, तर हिला वायर आठवणारही नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी बॅग जागेवर नीट लावून ठेवली.

सकाळी ती गेली. दुपारी फोन आला. “पोचली, बाबा. जेवले का?” वायरीचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी दिवाकरराव सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारची पोळी ताटात वाळली. संध्याकाळी फोन वाजला.

“शूटिंग झालं का?” त्यांनी जपून विचारलं.

“हव,” ती म्हणाली. “तुम्हाले काही सांगायचं आहे का?”

“मले? मले काय सांगायचं?”

वायरीशिवाय शूटिंग झालं म्हणे! आता खात्रीच झाली. त्यांना राग आला, आणि रागाखाली जे होतं त्यानं झोप उडाली. लग्न कर, बाई. कुणाशीही कर. पण मला न सांगता या घरातून जाऊ नकोस. हे त्यांनी पद्मिनीच्या फोटोला सांगितलं. फोन करून मुलीला सांगायचं मात्र सुचलं नाही.

दोन दिवसांनी गंधाली आली. एकटी, उन्हानं रापलेली. तिनं बॅग भिंतीशी उभी केली, पट्टे भिंतीकडे, कडी वर.

“अशी बॅग आपल्या घरात कोण ठेवते, बाबा?”

दिवाकररावांनी बॅगेकडे पाहिलं. क्लोकरूममध्ये प्रत्येक बॅग अशीच लावायची, आयुष्यभर तशीच लावली.

“त्या दिवशी बाजारातून आली तर अशीच होती. बसमध्ये वायर दिसली नाही, तेव्हाच समजलं. पहिली सकाळ वाया गेली, जगदलपूरमध्ये दुकानं पालथी घातली, तेव्हा दुसरी भेटली. रिसॉर्टचा मालक बोलला ते ऐकून घेतलं. मले वाटलं, तुम्ही फोन कराल. मी वाट पाहून राहिली होती.”

त्यांनी खिशातून वायर काढून टेबलावर ठेवली. “तो निरंजन...”

“रिसॉर्टचा मॅनेजर. शेवटचा रस्ता पायी नव्हता, नावेनं होता. तुम्ही घाबरले असते म्हणून सांगितलं नाही.” तिनं करंडा काढून झाकण उघडलं. आत नखाएवढी मेमरी कार्डं होती. “हे हरवतात म्हणून डबी पाहिजे होती. अन् आई सोबत असली तर बरं वाटते. एवढंच होतं. उघडून पाहिलं असतं तर मी रागावली नसती.”

दिवाकररावांनी करंड्याचं झाकण हळूच लावलं.

पुढच्या महिन्यात कोरब्याचं काम आलं. पुन्हा चादर पसरली गेली. दिवाकररावांनी स्वतः जाऊन दोन नव्या वायरी आणल्या होत्या, त्या तिनं मुकाट्यानं घेतल्या. मेमरी कार्डं तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली. दिवाकररावांनी कपाटातून करंडा आणला आणि तिच्यापुढे धरला.

“हा घेऊन जा, पोरी.”

तिनं त्याकडे पाहिलं, आणि बॅगेची चेन लावली.

“राहू द्या, बाबा. वजन होते.”

ती गेल्यावर बराच वेळ करंडा त्यांच्या हातातच होता.