केझायाबाईंचा पाच

आमच्या पोस्टात शेकोटीजवळ एकच खुर्ची होती. ती म्हाताऱ्या माणसांची, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या मॅकल्सफील्ड गावाला ते ठाऊक होतं. केझायाबाई हॅलम त्या खुर्चीवर कधीच बसल्या नाहीत. पाय सुजून बुटातून बाहेर आलेले असायचे, तरी बाई काउंटरच्या फळीला टेकून उभ्या.

खुर्चीत बहुधा एनॉक मॉट्रम असायचे. जन्मभर रेशीम रंगवल्यामुळे त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या जांभळ्या झाल्या होत्या.

"बस की गं केझाया, मी उठतो," ते म्हणायचे.

"तूच बस, म्हातारबा. मला आत्ता कुठे साठावं लागलंय."

हे 'साठावं' मी दोन वर्षं ऐकत होते. मी तेव्हा वीस वर्षांची, मावशीच्या पोस्टात तिकिटं विकायला होते. आज मी ऐंशीची आहे, पण एकोणीसशे आठच्या सप्टेंबरमधली ती सकाळ मला कालच्यासारखी आठवते. सरकारने सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन द्यायचं ठरवलं होतं. अर्ज पोस्टात मिळायचे. दार उघडलं तर बाहेर ही रांग! काठ्या, कुबड्या, खोकले. गावात इतकी म्हातारी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

केझायाबाई मात्र आल्या दुपारी, पोस्टात कुणी नसताना. काचेपाशी तोंड आणून कुजबुजल्या, "लेटिस, एक अर्ज दे. शेजारणीसाठी हवाय."

"नाव काय लिहू?"

"तू दे गं नुसता. नाव माझं मी बघते."

मी अर्ज दिला, आणि काही विचारलं नाही. त्यांची नजर अधू झाली होती. त्यामुळे गिरणीत रेशमाच्या कडा शिवायचं काम सुटलं होतं. नवरा जोब जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात होता आणि त्याचं पत्र नाताळालासुद्धा येत नसे. खोलीचं भाडं थकत चाललं होतं. पुढचं दार वर्कहाऊसचं. तिथे गरिबांना ठेवतात खरं, पण दाराशीच अंगावरचे कपडे काढून घेतात आणि सगळ्यांसारखा पट्ट्यापट्ट्यांचा झगा चढवतात. केझायाबाईंनी आपल्या हाताने शिवला नाही असा झगा आयुष्यात घातला नव्हता.

अर्जांची तपासणी करायला साहेब आले ते प्रिडमोर. एरवी दारूच्या पिंपांवरचा कर वसूल करायचे. सरकारने हेही काम त्यांच्याच गळ्यात मारलं होतं. पिंपात किती भरलंय ते जसं बघायचे तसंच म्हाताऱ्यांकडे बघायचे. केझायाबाईंना अर्ज नीट वाचता येईना म्हणून बाईंनी मला आपल्या खोलीवर बोलावून घेतलं होतं.

"बाई, तुमच्या लग्नाच्या नोंदीत सन अठराशे सदुसष्टमध्ये वय एकोणीस लिहिलंय," साहेब म्हणाले. "म्हणजे आज साठ."

"ती नोंद चुकीची आहे."

"बाप्तिस्म्याची नोंद?"

"टेकडीवरच्या जुन्या चॅपेलात होती. ते जळून चाळीस वर्षं झाली."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत केझायाबाईंचं भरतकाम टांगलेलं होतं. आमच्याकडे प्रत्येक मुलगी सात-आठ वर्षांची झाली की एका कापडावर फुलीच्या टाक्याने अक्षरं, आकडे, एखादं झाड भरायची, आणि खाली आपलं नाव, वय आणि साल. घरोघरी ते चौकटीत लागायचं. साहेब चष्मा सावरून वाचू लागले, "केझाया लोमास, वय वर्षे आठ, सन अठराशे छप्पन्न." मग वळून अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, हे तर तुमच्याच हातचं आहे."

 साहेब गेल्यावर बाई खुर्चीत कोसळल्या आणि हसायलाच लागल्या. मला वाटलं, बाईंना वेड लागलं.

"लेटिस, ते छप्पन्न नाहीये गं. सेहेचाळीस आहे."

"मग छप्पन्न कुणी केलं?"

"मीच. दुसरं कोण येतंय माझं भरतकाम उसवायला?"

सांगता सांगता त्यांचे कान लाल झाले. जोब हॅलम पहिल्यांदा चहाला यायचा होता. तो एकवीस वर्षांचा, ह्या एकोणतीस. चण लहान, गाल गुलाबी, एकोणीस सहज खपून जायचे. पण भिंतीवरचं साल बोंब मारत होतं. म्हणून आदल्या दिवशी बाईंनी चाराचे टाके उसवले आणि तिथे पाच भरला.

"आणि जोबना कधीच कळलं नाही?"

"साठीला टेकलेली बायको सांभाळली बिचाऱ्याने. माझी पन्नाशी आली की नाच करू म्हणाला होता."

मग हसू थांबलं. "पण आता हे कुणाला सांगू? पेन्शन मंजूर करणाऱ्या कमिटीत सगळा गावच बसलाय. पोरगी, एकेचाळीस वर्षांचं खोटं आहे हे. माझ्याच तोंडाने म्हणू, मी लबाड आहे म्हणून?"

"नाहीतर पट्ट्यांचा झगा," मी म्हणाले. मी असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

बाई उठून भिंतीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "चौकट उतरव."

नोव्हेंबरमध्ये टाउन हॉलच्या वरच्या खोलीत कमिटी बसली. बाहेरच्या बाकांवर अर्जदारांची गर्दी होती. त्यात एनॉकही होते, आपली पाळी यायची वाट बघत. दार सताड उघडं, म्हणजे आतलं सगळं बाहेर ऐकू येणार. केझायाबाई माझ्या हाताला धरून आत गेल्या, चौकट टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाकांवर खसखस पिकली.

अध्यक्ष होते एक गिरणीवाले. त्यांनी मिशी कुरवाळली. "बाई, तुम्ही तेव्हा खोटं केलंत म्हणता. पण आत्ता पाच शिलिंगांसाठी खोटं बोलत नाही कशावरून?"

बाईंनी चौकट त्यांच्याकडे सरकवली. 

तेवढ्यात मागून आवाज आला. "चौकट उलटी करा की."

एनॉक दारात उभे होते. प्रिडमोर साहेब म्हणाले, "तुमची पाळी आलेली नाही."

"मागची फळी काढा, साहेब. पुढून उन्हाने सगळंच विटलंय. मागून बघा."

साहेबांनी खिशातल्या चाकूने फळी उचकटली. कापड उलटं केलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मागच्या बाजूला सगळी अक्षरं मंजिष्ठेच्या जुन्या, शांत लाल रंगात होती, आणि त्यांच्या मधोमध एकटा पाच भडक राणी रंगात पेटला होता. अंत्ययात्रेत वरातीचा बँडवाला शिरावा तसा.

अध्यक्ष पुढे वाकले. जन्म रेशमात गेलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. "हा तर डांबरातून काढलेला रंग. छप्पन्न साली हा जगात कुठेच नव्हता."

"आपल्या गावात तो साठ सालानंतर आला," एनॉक म्हणाले. "आमच्याच हौदातून."

प्रिडमोर साहेबांनी भिंग काढलं, कापड खिडकीशी धरलं आणि कितीतरी वेळ पाहिलं. मग नाइलाजाने म्हणाले, "पाचाच्या मागे सुईची जुनी भोकं आहेत. चाराचीच."

अर्ज मंजूर झाला.

बाहेर आल्यावर केझायाबाईंनी एनॉकची बाही धरली. "तुला कसं ठाऊक रे, मागे काय आहे ते?"

"सदुसष्ट साली रंगखान्याच्या दारात येऊन हातभर लाल दोरा कुणी मागितला होता? एवढासा दोरा. मी विचारलं कशाला, तर म्हणालीस, एक टाका सुटलाय. पुढच्या रविवारी तुझ्याकडे चहाला आलो आणि पाहिलं कुठला टाका ते."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? आणि दर वर्षी माझ्या खोट्या वाढदिवसाला येऊन केक खात होतास?"

"केक खरा होता ना."

बाई इतक्या चिडल्या की घरापर्यंत बोलल्या नाहीत. पण हात मात्र त्यांनी एनॉकच्या बाहीवरून काढला नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पहिली पेन्शन वाटायची होती. बर्फ पडलं होतं. आम्ही आठला दार उघडलं आणि बघता बघता शेकोटीपासून रस्त्यापर्यंत माणसंच माणसं, सगळी ठेवणीतल्या टोप्या घालून. एनॉक खुर्चीत होते. केझायाबाई आल्या, पेन्शनचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, पाच शिलिंग हातात घेतले आणि रुमालात बांधले. मग वळून अख्ख्या पोस्टाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ऊठ, एनॉक. तुझा जन्म जुलैचा, माझा मार्चचा. चार महिन्यांनी थोरली आहे मी."

एनॉक उठले. आणि केझायाबाई दोन्ही पाय शेकोटीकडे लांब करून ऐटीत बसल्या.