चाक: खिळलेलं

लाकडाची चिमुकली जहाजं करणाऱ्यांची एक जमात असते. दिवसभर पोटापाण्याचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात चिमट्याने दोऱ्याच्या शिड्या विणत बसायचं, असला त्यांचा उद्योग. घरचे त्यांना वैतागलेले असतात आणि त्यात घरच्यांची काही चूक नसते. या जमातीची महिन्यातून एकदा बैठक व्हायची, तीही जहाजासारख्या सजवलेल्या बारमध्येच. एखादा बार पाणबुडीसारखा, एखादा दीपगृहासारखा, तर एखादा नुसती दोन जाळी टांगून समुद्राची ऐट मिरवणारा. असे बार शोधताना सगळे मेटाकुटीला आले, तेव्हा एकाने त्यांची ऑनलाइन यादी करायचं मनावर घेतलं.

हा माणूस कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हा मेणात एकेक दात बसवायचा. केसाएवढा फरक राहिला तरी म्हातारी माणसं जेवताना कळवळतात, त्यामुळे मोजून-मापून बघायची सवय अंगात पार मुरलेली. मंडळी त्याला मोजपट्टी म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

मोजपट्टीची यादी म्हणजे काही ऐरागैरा कारभार नव्हता. प्रत्येक बारला एक पान. पानावर फोटो आणि खाली तक्ता: दोर खरा की प्लास्टिकचा, कंदील पितळी की नुसता रंगवलेला, सुकाणूचं चाक फिरतं की खिळलेलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा नियम. तपासणाऱ्याचं नाव पानावर दिसणार नाही, नाहीतर मालक फुकट पाजून गुण वाढवून घ्यायचे. वर्षभरात कोणीच जाऊन आलं नाही, तर ते पान आपोआप ‘बुडालेली’ या यादीत जायचं. पुन्हा जाणाऱ्यांना अख्खा तक्ता भरायचा कंटाळा, म्हणून त्याने एक बटण करून दिलं होतं, ‘मागचंच कायम’. काही बदललेलं नसेल तर तेवढं दाबायचं, की झालं.

आणि आपल्या नात्यातल्या माणसाचा बार आपण तपासायचा नाही, हाही एक नियम होता. तो मात्र त्याने उशिरा केला. आधी केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्याच्या थोरल्या भावाचा बार होता. दादाने तो एका तळघरात थाटला होता, जहाजाच्या इंजिनखोलीसारखा. भंगारातून नळ आणले, तबकड्या आणल्या, कुठल्याशा मोडक्या बोटीचं लाकडी चाक मिळवून ते काउंटरमागच्या भिंतीवर बसवलं. चढलेलं गिऱ्हाईक चाकाला लोंबकळून भिंतच खाली आणेल, या भीतीने त्यात एक जाडजूड खिळा ठोकून टाकला. यादी सुरू होतेय म्हटल्यावर दादा कोण खूश! ‘पहिलं पान माझं हं,’ म्हणाला. मोजपट्टीने पहिलं पान त्याचंच केलं. दोर: प्लास्टिक. कंदील: रंगवलेले. चाक: खिळलेलं. दहापैकी चार.

‘अरे, सख्ख्या भावाला चार?’ दादाने विचारलं.

‘जे आहे ते लिहिलंय, दादा.’

‘तुला आईनं वाढवलं की फूटपट्टीनं?’

शब्दाने शब्द वाढला. माझ्या बारमध्ये पाय ठेवलास तर बघ, असं एक म्हणाला. नाहीच ठेवत जा, असं दुसरा म्हणाला. अहो, दाढ्या पांढऱ्या झालेले दोन पुरुष, आणि भांडण कशावरून, तर एका खिळ्यावरून! अबोला असा जो धरला तो धरलाच. मोजपट्टीने पुढच्याच आठवड्यात तो नात्याचा नियम केला आणि आपण फार न्यायाने वागलो, असं स्वतःला बजावलं.

अकरा महिने उलटून गेले. एका सकाळी साचा घासता घासता त्याने यादी उघडली, तर पहिल्याच पानावर लाल रेघ: ‘नऊ दिवस शिल्लक’. वर्षभरात त्या तळघरात जमातीतलं कोणीच फिरकलं नव्हतं. चार गुणांच्या बारमध्ये कोण मरायला जातो? नऊ दिवसांनी दादाचं पान बुडणार होतं. उठावं, चप्पल घालावी, जिना उतरून ‘दादा, चुकलं’ म्हणावं, एवढंच तर होतं. पण पाय निघेना. त्याने जमातीतल्या चष्मेवाल्याला गाठलं.

‘तेवढं जाऊन ये रे. आणि तो कसा आहे, तेही बघ.’

‘बघतो की. इतका घाबराघुबरा काय झालास?’

तिसऱ्या दिवशी लाल रेघ गेली. पानावर आलं: ‘पुन्हा पाहिलं.’ खाली तक्ता, दहापैकी चार. आणि मोबाइलवर चष्मेवाल्याचा निरोप: ‘बार जोरात चाललाय. दादा तुझी चौकशी करत होते. ये म्हणाले.’

मोजपट्टीचा जीव भांड्यात पडला. तो निरोप त्याने किती वेळा वाचला, त्याला गणती नाही. ये म्हणाले. आता जायचं, पण रिकाम्या हाताने कसं जायचं? खरा पितळी कंदील न्यायचा, काउंटरवर टांगायचा आणि म्हणायचं, घे, एक गुण वाढला तुझा. मग कंदिलाचा शोध. मध्येच कवळ्यांचं काम तुंबलं. घाई कसली, ये म्हणालाय म्हणजे राग गेलाच आहे. दोन महिने असे बघता बघता गेले. कंदील मिळाला, घासूनपुसून लख्ख झाला, आणि त्याच आठवड्यात पुतणीचा फोन आला. ‘काका, बाबा गेले. जिना उतरताना बसले खाली, ते बसलेच.’

पंधरा दिवसांनी ती तळघर रिकामं करत होती, तेव्हा तो मदतीला गेला. भर दुपार होती, पण खाली दिव्याशिवाय दिसत नव्हतं. खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या, बाटल्यांच्या जागी फळीवर गोल गोल डाग उरलेले. पुतणी पेल्यांना कागद गुंडाळत होती. त्याने कंदील काउंटरवर ठेवला. कुठे टांगणार आता!

‘एका गोष्टीचं समाधान आहे बघ,’ तो म्हणाला. ‘दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमचा माणूस आला होता इथे. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. तुझ्या बाबांनी त्याच्याकडे माझी चौकशी केली. ये म्हणाले होते मला. मीच मेला आलो नाही.’

पुतणीचा हात थांबला. ‘कोणी नव्हतं आलं, काका.’

‘अगं, आला होता. तुझं लक्ष नसेल.’

‘मी रोज इथेच असते. आणि तुमच्यातलं कोणी आलं असतं, तर बाबांनी अख्खा बार डोक्यावर घेतला असता. वर्षभर वाट बघत होते ते.’

मोजपट्टीने तिथल्या तिथे चष्मेवाल्याला फोन लावला. तो आधी चाचरला, मग घडाघडा बोलला. ‘गेलो होतो रे, शपथ. दुपारची वेळ, दाराला कुलूप. पुन्हा जायला जमेना. तुझा जीव टांगणीला लागलेला. मग ते ‘मागचंच कायम’ दाबलं. आणि निरोपाचं म्हणशील, तर म्हटलं दोन चांगले शब्द कळवले, तर तू तरी जाशील तिकडे.’

मोजपट्टीने फोन खिशात टाकला. ‘वाट कसली बघत होते?’ त्याने विचारलं.

‘चाक सोडवलं होतं ना त्यांनी,’ पुतणी म्हणाली. ‘तुमचं भांडण झालं आणि महिन्याभरात खिळा उपटला. भिंतीत लोखंडी पट्टी घालून घेतली, तेलपाणी केलं. एका बोटानं फिरायचं, काका. येईल त्याला फिरवून दाखवायचे. येऊ दे मोजपट्टीचा माणूस, म्हणायचे, पाच तर पाच, पण वाढवून घेणार. रोज सकाळी तुमचं पान उघडून बघायचे.’

‘मग?’

‘मग एक दिवस पानावर आलं, पुन्हा पाहिलं. चाक: खिळलेलं.’

मोजपट्टीला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्च्या सगळ्या रचलेल्या होत्या.

‘त्यांना वाटलं, मी लिहिलं?’

‘तिथे नाव कुठे असतं? त्यांना वाटलं, तुम्ही न येताच लिहिलंत. मी म्हटलं, फोन करा, विचारा. तर म्हणाले, नको, तो खोटं कधी लिहीत नाही. उगाच त्याला खोटं पाडायचं नाही.’ ती खाली बघून बोलत होती. ‘आणि हातोडी घेऊन पुन्हा खिळा ठोकला.’

मोजपट्टी काउंटरच्या मागे गेला. चाकाला हात घातला. हललं नाही. कंदील पेटवून त्याने जवळ धरला. जुन्या खिळ्याचं भोक गंजाने काळं पडलं होतं आणि त्याच्या बोटभर वर नवा कोरा खिळा चमकत होता.

‘पकड आहे का गं? नाहीतर हातोडी?’

‘हत्यारं परवाच देऊन टाकली सगळी. राहू दे ना काका. उद्या चाक न्यायला माणूस येणारच आहे.’

‘दादा,’ तो चाकाशीच बोलला, ‘अरे, मी नाही रे लिहिलं ते.’

मग त्याने नखांनी खिळ्याचं डोकं धरलं आणि ओढायला लागला. नख फाटलं, रक्त आलं, तरी ओढत राहिला. पुतणी दोनदा राहू दे म्हणाली. नंतर तिने त्याच्या हातातून कंदील घेतला आणि त्याला नीट दिसेल असा धरून उभी राहिली.