चक्कर मारून आलेला माणूस

मी मोटरसायकलींच्या सीटा शिवते. नवऱ्याच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि तिथे बसून मी निम्म्या वस्तीची बुडं ओळखायला शिकले. हसू नका. रेक्झिन उसवलं की खालचा फोम सगळं सांगतो. कोण पुढे सरकून बसतो, कोण एका अंगावर, कोणाच्या मागे बायको बसते आणि मध्ये किती जागा सोडून बसते.

माझा नवरा डाव्या अंगावर बसतो. अपघातात उजवा खुबा मोडला तेव्हापासून, साध्या खुर्चीवरसुद्धा. हाड जुळलं, जरा लंगडणं राहिलं, पण त्याच वेळी तोंडाला जे कुलूप लागलं ते काही निघेना. बोलके ते आधीही नव्हते, पण करवादायचे तरी. चहा गार का, पाना कोणी हलवला, तुझ्या बहिणीचा फोन संपतो की नाही. मी वैतागायचे. मग ते करवादणंही बंद झालं आणि घर असं झालं, की कुकरची शिट्टी वाजली तरी कोणीतरी बोलल्यासारखं वाटे. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचे, पण स्वतः एकीवरही बसत नव्हते.

म्हणून मी त्यांना रॅलीला नेलं. एकदा गाडीवर बसले तर माणूस परत येईल, एवढाच माझा हिशेब.

नणंद सोबत होती. गावाबाहेरच्या मैदानावर कंपन्यांचे तंबू, झेंडे, तापलेल्या इंजिनांचा वास. लायसन दाखवायचं, हेल्मेट घालायचं, हवी ती गाडी घेऊन एक चक्कर मारायची. फाटकातून बाहेर, बंद पडलेल्या गोदामांच्या मागून, वळण घेऊन दुसऱ्या फाटकाने आत.

"दादा, जा की," नणंद म्हणाली. "फुकट आहे. फुकट म्हटलं की आपल्या घरातला मेलेलाही उठून बसतो."

एका काळ्या गाडीच्या टाकीवरून त्यांनी हात फिरवला, आणि बसले. फाटकापाशी समोरून कोणी रायडर आला, तशी त्यांनी डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली. हा त्या लोकांचा आपसातला नमस्कार. ओळख असो नसो, आणि रस्त्याकडेला उभा असेल त्याला तर आधी. बोटं दाखवली नाहीत तर तोंड फिरवल्यासारखं होतं. अपघातानंतर त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझा जीव एवढा भरून आला की नणंदेने मला कोपराने ढोसलं.

परत आले ते शीळ घालत.

माझ्या नवऱ्याला शीळ वाजवता येत नाही. दुधाचे दात पडले ते शीळही घेऊन गेले, असं सासूबाई म्हणायच्या. हे मात्र लांबलचक, अवघड काहीतरी वाजवत आले, उजव्या बाजूने उतरले, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि पुढच्या तंबूकडे निघाले. लंगडत नव्हते.

"खुलला गं वहिनी!" नणंद म्हणाली.

मी गाडीजवळ गेले. सवयच ती. ऊन सीटवरून हात फिरवला. फोम मधोमध दबलेला होता, दोन्ही अंगांना सारखा. हे बूड माझ्या नवऱ्याचं नव्हतं.

दुसऱ्या गाडीवरून उतरले तेव्हा शीळ नव्हती. हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून, मान खाली घालून माझ्यापुढे उभे राहिले.

"काकू, हे कुठे ठेवू?"

नणंद पोट धरधरून हसली. "काकू! दादा, कमालच केलीस. वहिनी, ऐकलंस?" मी ऐकलं होतं. त्या पन्नाशीच्या चेहऱ्यात विशीचे घाबरलेले डोळे होते. मी त्यांचा दंड धरला, तर "सॉरी काकू" म्हणत त्यांनी तो सोडवून घेतला आणि तिसरी गाडी काढली. मला हाक मारायलासुद्धा सुचलं नाही. काय म्हणून हाक मारायची?

तिसऱ्या वेळी ते सावकाश आले. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि सरळ माझ्याजवळ आले.

"तू जेवलीस का?"

एवढंच. पण संसारात हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. सगळी जेवली की मी जेवलेलीच असणार, हे आमच्याकडे धरूनच चालतात. ते माझ्याशेजारी बाकावर बसले. माझ्या डोक्यावर सावली पडावी म्हणून जरा पुढे सरकून, स्वतः उन्हात. माझा हात हातात घेतला. हात तोच, अंगठ्यावर जुन्या वेल्डिंगचा डाग. धरण्याची रीत मात्र निराळी. नणंद चहा आणायला गेली होती. खोटं कशाला बोलू, मी हात सोडवला नाही.

"उन्हात किती वेळ बसलीस," ते म्हणाले. "आणि गुडघा कसा आहे?"

माझे गुडघे ठणठणीत आहेत. दिवसभर मशीन मारते मी.

म्हणजे तो गुडघा दुसऱ्याच कुणाचा होता. ती सावली, ते जेवणाचं विचारणं, सगळं तिचंच. मी फक्त समोर बसले होते.

"तुम्ही कोण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. "वळणावर उभे असतो आम्ही. घरी निघालो होतो आणि पोचलो नाही, असे. आमच्या नमस्काराला कोणी उलट हात दाखवला की त्याच्या जागी बसता येतं. तो उतरतो."

"आणि माझे मिस्टर?"

"पहिल्याच चक्करला उतरले. तिथेच आहेत. उभे."

त्यांनी नमस्कार केला असणार. आयुष्यात एकदाही रस्त्याकडेच्या माणसाला टाळून न गेलेला माझा नवरा. अपघाताच्या दिवशीसुद्धा असंच कोणाला तरी विचारायला वळला होता. मग शीळवाल्याने त्या पोराला हात दाखवला, पोराने ह्याला. सगळे एकाच सवयीचे.

तंबू काढायला सुरुवात झाली होती. माईकवर कोणी तरी सांगत होतं, ही शेवटची चक्कर, मग गाड्या ट्रकमध्ये चढणार.

"मला त्या वळणावर न्या," मी म्हणाले. "आणि तिथे हात दाखवायचा तो फक्त त्यांना."

तो माणूस माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "ते तुला विचारतात का, जेवलीस का म्हणून?"

"नाही."

"मग?"

"माझं माणूस आहे ते," मी म्हणाले. "चला."

आम्ही निघालो तेव्हा नणंद तिन्ही चहा सांभाळत ओरडली, "वहिनी, जोडीने! वा!"

गोदामांच्या मागे आवाज थांबला. बघता बघता थांबला. इंजिन माझ्या मांड्यांखाली थरथरत होतं, पण ऐकू येत नव्हतं. भर दुपारी भिंतीच्या सावलीत ते उभे होते. ओळीने, हेल्मेट घातलेले, काचा खाली. कोणाच्या अंगावर कोट, कोणी पावसाळी जाकिटात, एकाच्या पाठीला शाळेचं दप्तर, बहुधा मुलाचं. गाडी कोणाकडेच नाही. आम्ही जवळ येताच सगळ्यांचे डावे हात खाली सुटले आणि दोन-दोन बोटं पुढे आली. त्यात रागबिग काही नव्हता. साधा नमस्कार. त्यानेच माझ्या अंगावर काटा आला, कारण असा नमस्कार टाळायचा म्हणजे काय, ते पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीत मला कळत होतं. त्याने डाव्या हाताने हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांच्यातलाच तो. आपल्याच माणसांना ओळख न दाखवता चालला होता.

ह्यांच्यातच कुठेतरी शीळवाला मागे पडला. काकू म्हणणारं ते पोरही.

ओळीच्या शेवटी कोपराला ठिगळ लावलेलं जाकीट दिसलं. ठिगळ सीटच्या रेक्झिनचं, टाके माझे. डाव्या पायावर भार देऊन उभे होते. बोटं मात्र पुढे नव्हती. दोन्ही हात खिशात. त्यांना कोणाची गाडी नको होती.

"नीट बसलीस?" पुढचा माणूस म्हणाला, आणि त्याने डावा हात सोडला.

माझे मिस्टर बघत राहिले. पुढच्या माणसाची बोटं तशीच अधांतरी. गाडी पुढे सरकत होती, अजून थोडी, आणि खिशातले हात काही बाहेर येईनात.

"अहो!" मी ओरडले. "असं तोंड फिरवतात का? माणूस नमस्कार करतोय!"

तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. लाजल्यासारखी दोन बोटं.

माझ्याखालची सीट डाव्या अंगाला दबली. आवाज परत आला, इंजिनाचा, वाऱ्याचा, माईकचा. मी मागे वळून पाहिलं. ठिगळाच्या जाकिटाजागी कोणी दुसराच उंच, सडपातळ माणूस भिंतीला टेकत होता. त्याने काच वर केली नाही.

"गुडघा बरा आहे हो तिचा!" मी त्याला ओरडून सांगितलं. खरं-खोटं देव जाणे.

"कोणाशी बोलतेयस?" पुढून खेकसणं आलं. "आणि ती पिशवी आवर, चाकात जाईल. केवढा वेळ लावलास यायला."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. त्यांनी खांदा उडवला. मी काढलं नाही.

तंबूपाशी उतरल्यावर ते लंगडत चालत गेले आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले, "सीट भिकार आहे." नणंदेने त्यांच्या हाती चहा दिला. "गार आहे," ते म्हणाले. मला रडू फुटलं, तशी ती म्हणाली, "वहिनी, चहा गार म्हणून रडतात का गं?"

परतताना आम्ही बसने निघालो. बस गोदामांवरूनच जाते. रॅली सुटली होती. शे-दोनशे गाड्या त्याच वळणाने घरी निघाल्या होत्या, एकमेकांना हात दाखवत, मजेत. तिथे कोणाला हात दाखवू नका, असं मी खिडकीतून ओरडून पाहिलं. कोणाला ऐकू गेलं नाही, एक-दोघांनी मात्र माझ्याकडे बघून बोटं दाखवली.

मी खिडकीचा पडदा ओढला आणि मिस्टरांचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरून मांडीवर ठेवला. "लोक बघतायत," ते पुटपुटले. नणंद मागून म्हणाली, "बघू देत दादा, लोकांना काय कामं नाहीत."

वळण गेलं असावं. पडद्याआड बराच वेळ गाड्यांचा आवाज येत होता, आणि त्यात कुठेतरी कोणीतरी लांबलचक, अवघड शीळ वाजवत घरी चाललं होतं.